ऊन मुबलक, पाणी मोजके



सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना दमत जातो. शिरूर आणि दौंडच्या माळावर येईपर्यंत त्याच्याकडे द्यायला फारसे काही उरत नाही. 1972 चा दुष्काळ मी घरच्यांच्या तोंडून ऐकला. पुढचे मात्र डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत हे दोन्ही तालुके होते. आणि मे 2025 मध्ये दौंडला पावसाळ्याआधीच एवढा पाऊस पडला, की उभ्या पिकांत पाणी साचले.

अशा ठिकाणी दोन एकरवाला काय करणार? त्याच्या विहिरीत पाणी असले तरी वीज असतेच असे नाही. शेतीची वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन शिवारात निघतो. शिरूरच्या बेट भागात उसात बिबट्या दबा धरून असतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात त्याने तीन बळी घेतले. ते काही रात्री पाणी भरताना गेले नव्हते. पण त्यानंतर अंधारात दारे धरायला जाणाऱ्याच्या घरात कुणाला झोप लागेल?

म्हणून दिवसा चालणारा सौर पंप मला मोठी गोष्ट वाटते. केंद्राची कुसुम योजना 2019 ची, तर राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना 2024 ची. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. अनुसूचित जाती-जमातींसाठी पाचच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो.

पण या पंपाचा स्वभाव ओळखायला हवा. सकाळी तो हळू असतो, दुपारी जोरात चालतो आणि ढग आला की मंदावतो. त्याचे पाणी पाटाने सोडले तर सरीच्या टोकाला पोचण्याआधीच जिरते. ठिबकला मात्र घाई नसते. शेताचे भाग पाडावेत, एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडावा, थेंब थेट मुळाशी पडतो. कांदा असो वा डाळिंब, पिकाला लागते तेवढेच पाणी मिळते. अडचण एवढीच, की पंप एका योजनेतून मिळतो आणि ठिबक दुसऱ्या. अर्ज वेगळे, अनुदान वेगळे. पंप येतो, नळ्या येत नाहीत, आणि सूर्याच्या जोरावर पुन्हा पाटपाणीच सुरू होते.

नळ्या आल्या तरी काम संपत नाही. फिल्टर धुवावा लागतो. क्षाराने ड्रीपर बुजतात, उंदीर-खारी नळ्या कुरतडतात, पॅनेलवर धूळ बसते. हे कोण बघणार, ते आधीच ठरलेले बरे.

आता मनातली खरी भीती सांगतो. विजेचे बिल नाही म्हटल्यावर पंप बंद करायची आठवण कुणाला राहील? ऊन फुकट आहे, भूगर्भातले पाणी नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी उसाची लागण झाली, तर वाचवले काय? शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. यंत्र सरकार देईल, पण ही शिस्त गावालाच लावून घ्यावी लागते.

माझे अब्बा वजूला एक तांब्या पाणी घेत. आड तुडुंब भरलेला असला तरी एकच. लहानपणी मी विचारले, "अब्बा, एवढे पाणी असताना कंजुषी कशाला?" ते म्हणाले, "बेटा, आड आपला आहे, पाणी आपले एकट्याचे नाही."

शिवारात ठिबकच्या नळीतून थेंब पडताना पाहतो, तेव्हा मला तो तांब्या आठवतो.