कोंभाळण्याची बियाणे बँक आणि आपली परसबाग

बचत गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, आणि रेडिओ लावून भाकरी थापणाऱ्या घरोघरच्या सगळ्या जणींना शनिशिंगणापुरातून माझा नमस्कार. आज भाजीपाल्याच्या बियाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला एका गावाला घेऊन जायचं आहे. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, पण आपला नेवासे तालुका या टोकाला तर ते पार त्या टोकाला. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, राहीबाई पोपेरे यांचं गाव.

मागच्या मार्गशीर्षात आमच्या गटांतल्या बावीस जणी तिथे जाऊन आलो. सोनईवरून राहुरी, मग कोल्हार, लोणी, संगमनेर आणि अकोले. आपल्याकडून निघाल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. अकोल्याच्या पुढे डोंगर लागले, भात काढून मोकळी झालेली खाचरं लागली, आणि घराघराच्या कुडावर वालाचे वेल दिसायला लागले. गाडीतल्या एक मावशी म्हणाल्या, "आपल्याकडं दारापुढं फरशी टाकत्यात, हितं वेल चढवत्यात." सगळ्या हसल्या. पण खरं तेच होतं. मुळा धरणाचं पाणी आपल्याकडे आलं, ऊस आला, पैसा आला, आणि घेवडा मात्र घोडेगावच्या बाजारातून विकत यायला लागला.

राहीबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. शाळेत न गेलेली महादेव कोळी समाजातली ही बाई. नातू सारखा आजारी पडायला लागला, तेव्हा फवारलेल्या भाजीनं हे होतंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी घरचं जुनं बी शोधून राखायला सुरुवात केली. नंतर बायफ संस्थेची साथ मिळाली, बचत गटातल्या बायका जोडल्या गेल्या. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना बीजमाता म्हटलं, आता सगळे त्याच नावानं ओळखतात.

आम्ही गेलो त्या दिवशी राहीबाई बाहेरगावी होत्या, त्यामुळे भेट झाली नाही. आमच्यातल्या काही जणी हिरमुसल्या, फोटो काढायचा होता ना! पण मला वाटतं, एका अर्थी बरंच झालं. त्या नसल्यामुळे आम्ही माणसाकडे न बघता कामाकडे बघितलं. मडकी, डबे, बरण्या, त्यांवर चिठ्ठ्या. पन्नासहून जास्त पिकांचे शंभराहून जास्त वाण त्यांनी जमवलेत. एकट्या वालाचेच केवढे प्रकार! पांढरा, काळा, तांबूस, चपटा, लांब, जांभळ्या शेंगेचा. आमच्यातल्या सत्तरीच्या एका आजींनी एक बी उचललं, तळहातावर घोळवलं आणि म्हणाल्या, "हा आमच्या माहेरी व्हता." पुढं काही बोलल्या नाहीत. त्या वालाचं नाव त्यांना आठवेना. घरी आल्यावर त्यांच्या सुनेला विचारलं, तिला तर असा वाल असतो हेच माहीत नव्हतं. दोन पिढ्यांत एवढं गेलं.

तिथला नियम मला फार आवडला. बी न्यायचं ते फुकट, पण पीक आल्यावर दुप्पट परत आणून द्यायचं. आपल्या गटाचं कर्ज जसं, तसंच हे. फरक एवढाच की बचत गटात व्याजाचं दडपण असतं, इथे दुप्पट देऊनही घरात उरतं. वालाच्या एका बियातून एक वेल, आणि एका वेलावर शेंगा किती लागतात ते तुम्हीच मोजा.

आता तुम्ही म्हणाल, पाकिटातलं बी काय वाईट आहे? वाईट नाही. उत्पन्न जास्त येतं, एकदम येतं, विकायला सोपं जातं. पण संकरित असेल तर त्याचं बी राखून उपयोग नाही. आमच्याच गटातल्या एका ताईंनी पाकिटातल्या दोडक्याचं बी राखून लावलं. उगवलं जोरात, पण एका वेलाला लांब फळ, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला नुसतीच फुलं. संकरित वाणाचं असंच होतं, पुढच्या पिढीत गुण फुटतात. त्यामुळे दरवर्षी नवीन पाकीट. आपल्या गावात घराला दार नाही, कुलूप नाही, म्हणून लोक लांबून बघायला येतात. आणि आपण मात्र दर मृगाला बियाण्याच्या दुकानाच्या दारात उभ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विकतचं बी सगळंच संकरित नसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे सुधारित सरळ वाण असतात, त्यांचं बी राखता येतं. घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं, संकरित का सुधारित? विचारायला लाजू नका, पैसे आपलेच जातात.

परवा मुलीनं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. व्हिएतनाम देशात होई आन शहराजवळ त्रा क्वे नावाचं गाव आहे. तिथले लोक पिढ्यानपिढ्या पालेभाज्या आणि वासाचा पाला पिकवतात, पाण्यातलं शेवाळ काढून वाफ्यात खत म्हणून घालतात. परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात, खांद्यावर कावड घेऊन दोन झाऱ्यांनी वाफ्याला पाणी घालतात, आणि तीच भाजी बसून जेवतात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं उत्तम पर्यटन गावांत त्या गावाला धरलं. मला लगेच आपली शनी अमावास्या डोळ्यांपुढे आली. एवढी माणसं आपल्याकडे येतात, तेल वाहतात, रसवंतीत रस पितात आणि निघून जातात. त्यांना इथली भाजी, इथली भाकरी का मिळू नये? पण त्रा क्वेच्या लोकांनी आधी वाफे टिकवले, पाहुणे नंतर आले. आपल्याकडे दाखवायला आधी वाण तर पाहिजे.

म्हणून आम्ही ठरवलंय, आणि तुम्हीही करून बघा. एकीनं एकच वाण सांभाळायचा. एकीकडे वाल, दुसरीकडे दुधी, तिसरीकडे वांगं. यामागे कारण आहे. दोन जातींचे दुधी शेजारीशेजारी लावले तर मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जाते आणि बी भेसळीचं होतं. वाल, घेवडा, मेथी यांचं एवढं भ्यायचं नसतं.

बी धरताना आपली सवय काय असते? चांगलं ते बाजाराला, कोवळं ते कालवणाला, आणि वेलावर विसरून राहिलेलं किडकं ते बियाला. हे उलटं करायचं. सगळ्यात जोमदार, निरोगी वेल निवडायचा, त्याच्या चांगल्या फळाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे घरात कुणी तोडत नाही. वांगं पिवळं होईपर्यंत झाडावर राहू द्यायचं, बी पाण्यात धुवायचं, तरंगेल ते टाकायचं, तळाला बसेल ते ठेवायचं. दुधी चाखताना कडू लागला तर तो खायचा नाही, कडू दुधीनं विषबाधा होते. त्या वेलाचं बीही धरायचं नाही.

बी सावलीत वाळवायचं, पत्र्यावर नाही. चाळलेली राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळून मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं. गॅस आल्यापासून राख कुठली, असं कुणी म्हणेल, पण पाणी तापवायची चूल अजून बऱ्याच घरी आहे. पेरायच्या आधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सोळा-सतरा उगवल्या तर निर्धास्त लावा, दहाच उगवल्या तर जरा दाट टाका.

बी विकायचं म्हटलं तर कायद्याची भीती काही जणींना वाटते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, बदलायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त कायद्यानं संरक्षित वाणाचं बी पाकिटात भरून त्याच्या नावानं विकता येत नाही.

कोंभाळण्याहून आणलेला वाल आमच्या अकरा घरी दिलाय, हिशोबाच्या वहीत मागे पान राखून नावं लिहिलीत. संक्रांतीनंतरच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं हप्त्यासोबत घरातलं, माहेरचं, सासूच्या गाठोड्यातलं जे काही बी सापडेल ते मूठभर आणायचं आहे. नाव माहीत नसलं तरी आणा. बैठकीत त्या आजी असतील, बऱ्याच बियांची नावं त्यांना आठवतात. बैठक दुपारी दोनला, मारुतीच्या पारावर. नमस्कार.