आईबापांकडून येणारे नागरिकत्व



धामापुरात बोलायचे म्हणजे तलावावर बोलावे, असे आमच्या मनात प्रथम आले होते. सन १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधविलेला हा तलाव, काठावरचे भगवतीचे देऊळ, आणि २०२० साली जगातील जुन्या सिंचनकामांच्या वारशात त्याची झालेली गणना, एवढा ऐवज दाराशी असताना वक्त्याने दुसरीकडे का जावे? परंतु तलावाविषयी आपणच आम्हांस चार गोष्टी शिकवाल. म्हणून या जिल्ह्यात चारचौघांत हळू आवाजात बोलला जाणारा, पण व्यासपीठावर क्वचित येणारा विषय आम्ही घेतला आहे. आपल्या आईचा किंवा बापाचा जन्म पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात झाला, एवढ्या आधारावर मुलाने पोर्तुगालचे नागरिकत्व मागावे की नाही, आणि मागितले तर काय होते, हा तो विषय.

ही गोव्याची गोष्ट, आपला तिच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण तेरेखोलची नदी ही सरहद्द सोयरिकीने कधीच मानली नाही. पेडणे महाल तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता. त्या साली तो पोर्तुगिजांकडे गेला. माणसे तीच, कुळे तीच, देव तेच. बदलले ते फक्त वरचे सरकार. पुढेही पेडण्याच्या मुली बांद्याला, सावंतवाडीला, मालवणला दिल्या गेल्या आणि इकडच्या तिकडे गेल्या. त्या लेकींपैकी १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आज नातवंडे आहेत, आणि त्यांतला एखादा हुशार नातू एके दिवशी विचारतो, “आजी, तुझा जन्मदाखला कुठे आहे?”

नागरिकत्व देण्याच्या जगात दोन रीती आहेत. एक मातीची: जो जिथे जन्मला तो तिथला. दुसरी रक्ताची: जो ज्याचा मुलगा तो त्याच्या देशाचा. आपला १९५५ चा कायदा आरंभी बराचसा मातीचा होता. २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला मूल भारताचा, अपवाद अगदी थोडे. पण १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही, अथवा एक भारतीय व दुसरा बेकायदा आलेला नसेल असा. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तर १० डिसेंबर १९९२ पर्यंत केवळ बापच मोजला जाई, आईचे भारतीय असणे जमेस धरले जात नसे. म्हणजे आपला कायदाही हळूहळू मातीकडून रक्ताकडे सरकला. तेव्हा रक्ताच्या हक्कावर नागरिकत्व मागणाऱ्या गोवेकराला हसण्याचे आपल्याला काही कारण नाही.

गोवेकर पोर्तुगालचे नागरिक झाले कसे, हे मात्र मौजेचे आहे. १९५१ साली सालाझारच्या राजवटीने आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नवे नाव दिले. भारत गोवा मागतो आहे म्हणजे पोर्तुगालचाच एक तुकडा मागतो आहे, असे जगाला सांगता यावे म्हणून हा खटाटोप होता. तेथील लोक पोर्तुगीजच, मग मुक्ती कोणाची करावयाची, हा त्यांचा युक्तिवाद. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याच्या बाजूने पत्रादेवीला शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांमागेही हाच युक्तिवाद होता. आज त्याच युक्तिवादाच्या कागदावर नातू आपला अर्ज उभा करतो! ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांचा हा उपमर्द आहे, असे म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. आम्हांस ते पटत नाही. सालाझारची लबाडी सालाझारबरोबर गेली. तिच्यातून उरलेला हक्क कोणी पोटासाठी वापरला, तर त्यात सालाझारचा विजय होत नाही. पण हक्क कसला आहे, हे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मग २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने गोवा, दमण व दीव यांच्या नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जो स्वतः जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजाआजींपैकी कोणी जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला असे मानावे, हा त्याचा गाभा. पाहा, भारतानेही गोवेकराला आपला म्हटले ते आईबापांच्या आणि आज्यांच्या नावावरच. ज्याला हे नको असेल त्याने महिनाभरात तसे लिहून द्यावे, एवढी सवलत होती.

ती एका पाद्रीबाबांनी घेतली. कांदोळीचे फ्रान्सिस्को मोंतेरो यांनी २७ एप्रिल १९६२ रोजी, म्हणजे मुदत सरता सरता, आपण पोर्तुगीजच राहणार असे लिहून दिले. परदेशी माणूस म्हणून त्यांची नोंद झाली आणि राहण्याचा परवाना मिळाला. परवान्याची मुदत संपली, ती त्यांनी वाढवून घेतली नाही, आणि जन्मभूमी सोडून जावे हा हुकूमही मानला नाही. खटला झाला, शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोवा हा लष्करी कब्जातील प्रदेश आहे आणि जिनिव्हाच्या करारांचे संरक्षण आपणास आहे, असे त्यांचे म्हणणे. १९६९ साली न्यायालयाने ते फेटाळले. गोवा भारतात सामील झाल्यावर कब्जा संपला, असे ठरले. त्यांचे मत कोणाला पटो न पटो, पण एका सहीने माणूस आपल्याच गावात परका होतो, हे त्या खटल्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पोर्तुगालने मात्र १९६१ मानले नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी तेथे क्रांती झाली, त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी भारताशी तह झाला आणि गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. पुढे जून १९७५ मध्ये त्यांनी वसाहतींतल्या लोकांच्या नागरिकत्वाचा निकाल लावणारा कायदा केला. त्यात जुन्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्या व पोर्तुगीज राहू इच्छिणाऱ्यांना ती वाट मोकळी ठेवली. १९८१ च्या कायद्याने पोर्तुगीज आईच्या किंवा बापाच्या परदेशात जन्मलेल्या मुलालाही, त्याने इच्छा दर्शवून जन्माची नोंद केली तर, पोर्तुगीज मानले. या दोन कायद्यांची सांगड घातली की आजचा मार्ग तयार होतो: आधी आईचा अथवा बापाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत उतरवायचा, मग त्यांचे लग्न, मग आपला जन्म.

ऐकायला सोपे वाटते. परंतु पोर्तुगीज कारकुनाने लिहिलेली नावे ज्यांनी वाचली असतील त्यांना पुढचे संकट कळेल. शेणव्याचा तेथे ‘सिनाय’ होतो, प्रभूचा ‘पोरोबो’, कामताचा ‘कामोतीं’. इकडच्या शाळेच्या दाखल्यावर तोच माणूस आपल्या नेहमीच्या नावाने नांदत असतो. आणि बाईमाणसाची तर आणखी तऱ्हा. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची चाल. तांदळात अंगठीने काढलेले ते नवे नाव शिधापत्रिकेवर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत. आणि पेडण्याच्या जन्मनोंदीत माहेरचे. ही आणि ती एकच, हे मालवणच्या पोस्टमनला न सांगता कळते, पण लिस्बनच्या कारकुनाला प्रतिज्ञालेखावर प्रतिज्ञालेख देऊन पटवावे लागते. त्यात गोव्यात लग्न सरकारी वहीत नोंदवण्याचा जुना शिरस्ता, आणि आपल्याकडे मांडवात भटजी व पंगतीला गाव हीच नोंद. कित्येक अर्ज अडकतात ते इथे.

इतका आटापिटा कशासाठी? पोर्तुगालात जाऊन राहावे म्हणून फार थोडे हे करतात. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपच्या समूहात आला आणि पोर्तुगालचा परवाना हा साऱ्या युरोपात काम करण्याचा परवाना झाला. इंग्लंडात स्विंडन शहरी गोवेकरांची मोठी वस्ती झाली, ती याच वाटेने. २०२० सालाच्या अखेरीस इंग्लंडचे दार नव्याने येणाऱ्यांस बंद झाले. आधी पोहोचलेले राहू शकले. बाकीच्या सत्तावीस देशांची दारे अजून उघडी आहेत. ज्याच्या गावात शिकलेल्या मुलाला पगाराची नोकरी नाही, त्याने ती दारे ठोठावली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आपल्या आजोबांनीही दुसरे काय केले?

फरक आहे तो पुढे. गिरणीत गेलेल्याला धामापूर सोडावे लागले, पण धामापूरचा म्हणून असलेला हक्क सोडावा लागला नाही. घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या कायद्याचेही नववे कलम एकच गोष्ट सांगतात: स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. अर्ज करावा लागत नाही, सही करावी लागत नाही, ते आपोआप संपते. परदेशचा पासपोर्ट घेतला असेल तर तो याचा निर्णायक पुरावा, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच उचलून धरला आहे.

येथे दलाल मंडळी एक गोड गोष्ट सांगतात: “नुसती नोंद करून ठेवा, पासपोर्ट घेऊ नका, काही होत नाही.” पोर्तुगालच्या कायद्याच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे नवे नागरिकत्व घेणे नसून जन्मापासून असलेले नागरिकत्व उघड होणे होय; नोंद आज झाली तरी तो माणूस जन्मापासून पोर्तुगीज. भारताचा कायदा विचारतो ते एवढेच, की तू स्वखुशीने घेतलेस काय? एकाच कागदाला लिस्बनमध्ये ‘होतेच’ म्हणतात आणि दिल्लीत ‘घेतलेस’ म्हणू शकतात. पासपोर्ट नसेल तेव्हा हा वाद मिटवण्याचा अधिकार नवव्या कलमानेच केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे ‘काही होत नाही’ हे दलालाचे आश्वासन दलालाच्या हातचे नाही.

समजा, पेडण्यात १९५० साली जन्मलेली एक मुलगी १९७२ साली या बाजूला दिली, आणि १९७५ साली तिला मालवणला मुलगा झाला. तो मुलगा मातीच्या हक्काने जन्मापासून भारतीय. तो कधी पोर्तुगीज रयत नव्हता, त्याचा बाप नव्हता, त्याच्या घरावर तो झेंडा कधी फडकला नाही. तरी आईची नोंद लिस्बनला झाली तर तिच्यामार्फत तो पोर्तुगीज होऊ शकतो. पेडण्यातल्या त्याच्या मामाच्या मुलाला निदान असे म्हणता येते की आमच्या घरात हे पूर्वीपासून होते. याला तेही म्हणता येणार नाही. याने घेतले तर ते सरळसरळ घेणे, आणि त्याची किंमत भारताचे नागरिकत्व.

बापाची बाग वारशाने येते तेव्हा ती हातच्या दुसऱ्या बागेच्या मोबदल्यात येत नाही. हे नागरिकत्व मात्र अदलाबदलीचे आहे, आणि ‘आईकडून आलेले’ या शब्दांनी ती अदलाबदल झाकली जाते. सुटते ते काय, तेही पाहा. मत गेले, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत उभे राहणे गेले, सरकारी नोकरी गेली. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो; जवळ ठेवून वापरणे हा गुन्हा. त्याऐवजी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळू शकते. नाव मोठे, पण त्यात नागरिकत्व नाही; आजन्म येण्याजाण्याची मोकळीक आहे. तेही सर्वांना नाही: स्वतः किंवा आईबाप, आजे, पणजे यांपैकी कोणी कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक असेल तर ते मिळत नाही. पूर्वजांच्या पुण्याईने मिळते तसे पूर्वजांच्या नावाने अडतेही. कार्डवाल्याला वडिलांची माडाची बाग वारशाने मिळते, पण शेजारची दहा गुंठे शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या गावात जमीन म्हणजे भात, माड आणि सुपारी, तेथे हे लहानसहान नाही. परत यायची वाट आहे: पाच वर्षे कार्ड असलेल्याने भारतात वर्षभर राहून पुन्हा नागरिकत्वासाठी अर्ज करावा. पण ती मागण्याची वाट आहे, हक्काची नव्हे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो लहान मुलांचा आहे. तरुण जोडपी स्वतःचा हिशेब नीट करतात. फी किती, तिकडे पगार किती, घर कोणाकडे. कडेवरच्या मुलाचा हिशेब कोणी करीत नाही. कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे माणसाने भारताचे नागरिकत्व रीतसर सोडून दिल्याची नोंद केली, तर त्याच्या अज्ञान मुलांचेही त्याबरोबर जाते. त्या मुलाला विचारले जात नाही. वयात आल्यावर एका वर्षाच्या आत त्याने लिहून दिले, तर ते त्याला परत मिळते. अठरा ते एकोणीस, एवढाच अवधी. तेव्हा तो पोर्तुगालात किंवा आणखी कोठे कॉलेजात असेल, मराठी मोडकी बोलत असेल, आणि असे काही वर्ष आहे हे त्याला घरच्यांनी सांगितले असेल तरच ठाऊक असेल. जे आईबाप हा अर्ज करणार आहेत, त्यांनी त्या वर्षाची तारीख आपल्या कागदांच्या पिशवीत मुलाच्या जन्मदाखल्याला टाचून ठेवावी.