न मिटलेली नादारी

घाटकोपर किंवा मुलुंडची एखादी जुनी इमारत पुनर्बांधणीस निघाली, कीं वर्षानुवर्षें पेटींत पडलेले कागद बाहेर येतात. त्यांत क्वचित् असाही एक निघतो, कीं जो वाचून घरांतलीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. ज्या गृहस्थाच्या नांवें घर आहे, त्यास तीस वर्षांपूर्वीं उच्च न्यायालयानें नादार ठरविलें होतें. दुकान बुडालें, धनको थकून गप्प बसले, आणि मुक्ततेचा अर्ज करावयाचा राहूनच गेला. इतक्या काळानें तें प्रकरण आपोआप मिटलें असेल, असें सारे धरून चालतात. कायदा मात्र तसें धरीत नाहीं.

मुंबईपुरता हा कायदा 1909 सालचा. नादार ठरविण्याचा हुकूम होतांच कर्जदाराची मिळकत ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते. धंद्याचीं हत्यारें, कपडे, अंथरुणें, स्वयंपाकाचीं भांडीं यांना सूट आहे. पण मूळ कायद्याप्रमाणें सर्व मिळून 300 रुपयांपर्यंतच. (आजच्या बाजारांत तेवढ्यांत धड एक पातेलें येईल कीं नाहीं, याची शंकाच आहे.) याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं मुक्तता होण्यापूर्वीं वारसाहक्कानें आलेलें घरसुद्धां याच मिळकतींत मोडतें. शिवाय आपण नादार आहों हें न सांगतां पन्नास रुपये वा अधिक उसने घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. अशा माणसास विधानसभेचें वा संसदेचें सभासदत्व मिळत नाहीं. कंपनीचा संचालकही होतां येत नाहीं.

उपनगरांत आणखी एक गुंता आहे. अंधेरी आणि घाटकोपर 1950 सालीं बृहन्मुंबईंत आलीं, बोरिवली आणि मुलुंड 1957 सालीं. शहराबाहेरच्या प्रदेशास 1920 चा निराळा कायदा लागू असे, व त्याचें काम जिल्हा न्यायालयाकडे चाले. त्या कायद्याखालीं मुदतींत मुक्ततेचा अर्ज न आल्यास नादारीचा हुकूम रद्द करावाच लागतो. 1909 च्या कायद्यांत तो रद्द करणें न्यायालयाच्या मर्जीवर आहे. म्हणून वाडवडिलांच्या कागदावर कोणत्या न्यायालयाचा शिक्का आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

रद्द होणें आणि मुक्त होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मुक्ततेनें बहुतेक जुनें ऋण सुटतें. सरकारी देणें व कपटानें केलेलें कर्ज मात्र सुटत नाहीं. अर्ज न केल्यामुळें हुकूम रद्द झाला, तर धनकोंचे हक्क पुनः जागे होतात. सर्व देणीं पुरतीं फेडून हुकूम रद्द करून घेतला, तर गोष्ट वेगळी.

मुक्ततेचा अर्ज केव्हांही करतां येतो. धनकोंना नोटीस जाते, ऑफिशियल असायनीचा अहवाल येतो, आणि न्यायाधीश मुक्तता देतात, नाकारतात, लांबणीवर टाकतात किंवा अटी घालतात. दुकानाच्या चोपड्या नीट ठेविल्या होत्या कीं नाहीं, हा प्रश्न येथें हटकून उपस्थित होतो. नादार गृहस्थ निवर्तला, तरी न्यायालयानें अन्यथा आज्ञा केल्यावांचून काम थांबत नाहीं.  2016 सालीं दिवाळखोरीची नवी संहिता झाली खरी. परंतु व्यक्तींपैकीं ती 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली ती कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांना. साध्या दुकानदाराचें जुनें प्रकरण जुन्याच कायद्याखालीं राहिलें.

तेव्हां अशा घरानें बांधकाम करणाऱ्याशीं करार करण्यापूर्वीं जुन्या अर्जाचा क्रमांक व साल शोधून हुकुमाची नक्कल मागवावी. क्रमांक हरवला असेल, तर नांव व साल यांवरून दप्तरांत शोध घेण्यास वकिलामार्फत अर्ज करावा.