शटरचं वजन कोण उचलतं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘घरातील यंत्रे : निगा आणि दुरुस्ती’ असा छापलाय. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन या सगळ्यांवर मी बोलेन अशी संयोजकांची समजूत आहे. ती तशीच राहू द्या. (हशा) मी आज फक्त शटरवर बोलणार आहे. दुकानाचं शटर, बंगल्याच्या पार्किंगचं शटर. आयटीआयमध्ये नोकरीभर फिटरची पोरं शिकवली, त्यातून माझं मत पक्कं झालंय की ज्याला शटर कळलं त्याला निम्मी यंत्रं कळली. काल इथे तुकोबांवर व्याख्यान झालं, उद्या अर्थव्यवस्थेवर आहे. मधल्या दिवशी पत्रा आला, त्याला इलाज नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा दुकानं फळ्या लावून बंद व्हायची. फळीवर नंबर, नंबराप्रमाणे एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटच्या फळीला कुलूप. फळी अडली तर कुठली अडली हे डोळ्यांना दिसायचं. शटर आलं आणि सगळा कारभार वरच्या पेटीत गेला. दिसेनासं झालं की माणूस दोनच गोष्टी करतो: जोर लावतो, नाहीतर ऑइल ओततो.

शटरची रचना तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. पट्ट्या, त्या ज्या उभ्या खाचांत सरकतात ते दोन्ही बाजूंचे गाईड, वर पट्ट्या गुंडाळणारा पाइप, पाइपवर स्प्रिंगा, सगळ्यात खाली जाड पट्टी, तिला बॉटम म्हणतात. मला एवढंच विचारायचंय की हे सगळं उचलतं कोण? हिशेब करू. सरकारी बांधकामाच्या निविदांत शटरची पट्टी साधारण ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड लिहिलेली असते. या जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला पावणेदहा किलोच्या जरा वर भरतो. १० फूट बाय ८ फुटांचं शटर म्हणजे जवळजवळ साडेसात चौरस मीटर. नुसता सपाट पत्रा धरला तरी ७३ किलो झाले. शिवाय पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवाव्या लागतात, त्यात जादा पत्रा जातो, आणि बॉटम वेगळाच. नव्वदीच्या घरात जायला हरकत नाही. आता हे वजन साठीतले शेठजी रोज सकाळी एका हातानं वर ढकलतात, ते कसं? (‘बदाम खातात!’ – श्रोत्यांतून. हशा)

बदाम नव्हे, स्प्रिंग. शटर खाली ओढताना तुम्ही नकळत स्प्रिंगला पीळ देत असता, घड्याळाला चावी दिल्यासारखा. जितकं शटर खाली लोंबेल तितकं लोंबणारं वजन वाढतं आणि तितकाच स्प्रिंगचा पीळही वाढतो. दोघं एकमेकांना तोलून धरतात. तुम्ही फक्त निमित्तमात्र. म्हणून मिस्त्रीला फोन करण्याआधी स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: शटर हळूहळू जड झालं की एका सकाळी अचानक? हळूहळू झालं असेल तर गंज, माती, वाकलेलं गाईड. ते बहुतेक तुमच्या आवाक्यातलं आहे. अचानक झालं असेल, त्यातून रात्री पेटीतून ‘खाड्’ असा आवाज आला असेल, तर स्प्रिंग तुटली असं समजून चाला. रुंद शटरला दोन-तीन स्प्रिंगा असतात. एक गेली तरी बाकीच्या ओढत राहतात, म्हणून शटर हलतं आणि आपल्याला वाटतं, चाललंय की.

निरोगी शटर कमरेएवढं उचलून हळूच हात सैल केला तर साधारण तिथंच थांबतं. हात पूर्ण काढू नका, आणि पायाचा पंजा खाली ठेवू नका. धाडकन खाली येऊ पाहत असेल तर पीळ कमी झालाय किंवा स्प्रिंग गेली आहे. आपोआप वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. दोन्ही वेळी हात जोडायचे आणि मिस्त्रीला बोलवायचं. पिळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं घेऊन जाते.

आता एक गोष्ट, दोन मिनिटांत सांगतो. ऐन लग्नसराईतली सकाळ. एका कापडदुकानाचं शटर वर जाईना. बाहेर वऱ्हाड उभं, नवरीचा शालू आत. मोटारीचं शटर होतं. शेठजींनी बटण दाबलं, मोटार घुरघुरली, शटर जरासं हललं आणि थांबलं. परत बटण. नवरीचे मामा पुढे झाले, त्यांची सूचना अशी की रिमोटचा सेल बदला. अहो, मोटार घुरघुरतेय म्हणजे रिमोट शाबूत आहे! पण लग्नघरात मामांना कोण बोलणार? सेल आणायला पोरगा धावला. तोवर शेजारच्या हॉटेलातून डब्यात तेल आलं, ते दोन्ही गाईडमध्ये ओतलं. नवीन सेल आला, बटण दाबलं, मोटार गप्प. सारखी चालवल्यानं तापून आतल्या संरक्षक स्विचनं ती बंद पडली होती. निवल्यावर आपोआप सुरू झाली असती, पण ‘मोटार जळाली’ असा पुकारा झाला. मग पहार आली. दोघांनी डावीकडून रेटा दिला आणि पट्ट्या डाव्या गाईडमधून बाहेर आल्या. (‘मग शालू?’) सांगतो ना. मी तिथं टॉवेल घ्यायला गेलो होतो. खाली वाकून उजव्या कोपऱ्यात पाहिलं, तर बॉटमचं कुलूप लागलेलं. मालक रोज डावीकडचंच लावायचे. आदल्या रात्री वॉचमननं दक्षता म्हणून दुसरंही लावलं होतं, आणि ते लिंबू-मिरचीच्या माळेमागे झाकलं गेलं होतं. शालू मागच्या दारातून दिला, लग्न वेळेवर लागलं. खर्च मात्र पट्ट्या, गाईड आणि तेल पुसण्याची मजुरी इतका झाला. कुलपाची किल्ली शेठजींच्या खिशातच होती.

(संयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं राहिलीत म्हणतात. आणि मी अजून मुद्द्यावर यायचोय. (हशा)

एक खुलासा करतो, कारण दुसऱ्या रांगेत आमचे दोन फॅब्रिकेटर बसलेत आणि मघापासून हाताची घडी घालून माझ्याकडे बघताहेत. मी तुमच्या पोटावर पाय द्यायला आलेलो नाही. उलट स्प्रिंगचं, पाइपचं, बेअरिंगचं सगळं काम तुमच्याकडेच पाठवतोय. फक्त कुलूप उघडायची व्हिजिट फी गिऱ्हाइकाची वाचू दे. माझा मुद्दा एवढाच की जिथं वजन आहे तिथं मिस्त्री, जिथं वजन नाही तिथं आपण.

आपण म्हणजे काय ते भरभर सांगतो. दोन्ही कुलपं आणि मधली कडी उघडी आहे ना? गाईडमध्ये बॅटरी मारून पाहा: खडा, सिमेंटचा थर, कुणी बांधलेल्या फ्लेक्सची तार, स्कूटर धडकून पडलेला पोचा. पट्टीच्या टोकाची क्लिप निघाली असेल तर पट्टी एका बाजूला सरकून गाईडला घासते. तिथं पत्रा चकचकीत झालेला दिसतो, तीच खूण. गाईडमध्ये ऑइल, ग्रीस, खोबरेल काही नको. धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. कोरड्या फडक्यानं पुसा, हवा तर सिलिकॉनचा फवारा. मोटारीचं शटर असेल तर आधी एमसीबी खाली करा, मगच मोटारीशिवाय शटर चालवायच्या हातसाखळीला हात. साखळीनं शटर हलकं चाललं तर दोष विजेकडचा, जड चाललं तर शटरचा. मोटार बदलायला निघालेले निम्मे लोक एवढी एक चाचणी करत नाहीत.

चिठ्ठीतच एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा न्यू जर्सीला आहे, त्याचं गॅरेजचं दार उघडतं पण बंद होत नाही. ताई, तिकडं १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या, घरगुती दाराच्या यंत्राला खाली काही आलं तर दार थांबवण्याची सोय सक्तीची आहे. बहुतेक घरांत त्यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकमेकांकडे बघणारे दोन सेन्सर असतात. उघडताना ते मध्ये पडत नाहीत, बंद होताना पडतात. त्याला म्हणावं, दोन्हीवरचं जाळं पूस, एखादा धक्का लागून तिरपा झालाय का पाहा, दिवे न लुकलुकता लागले पाहिजेत. फक्त ठरावीक वेळी बिघडत असेल तर तिरपं ऊन सेन्सरवर येतंय, सावली कर. आणि लाल दोरी ओढून दार मोटारीपासून सोडवायचं तर दार बंद असतानाच. वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली तर सगळं दार अंगावर येतं. तिकडंही वजन स्प्रिंगच उचलते, पत्रा अमेरिकन असला म्हणून काय झालं!

घंटा वाजली. गिझर राहिला, तो पुढच्या वर्षी. पावसाला महिनाही उरलेला नाही. गाईडच्या तळाशी साचलेली माती या आठवड्यात काढून घ्या, बॉटम भिजत राहतो तो तिथंच. आणि उद्या सकाळी बटण दाबण्याआधी वाकून दोन्ही कोपरे बघा.