वेग शून्य, तरी त्वरण आहे



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल." सॉफ्टवेअरवर बोलायला लागले असते, तर निम्मे लोक आत्ताच जेवणाच्या रांगेत दिसले असते. म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक धडा घेते. मध्यंतरी आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "त्वरणाच्या धड्याला माझं विज्ञान सुटलं, ते कायमचंच." सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मला मात्र ते लागलं. आता तिचा मुलगा तोच धडा घेऊन तिच्यासमोर बसतो आणि ती म्हणते, "बाबांना विचार."

तर सूत्र जरा बाजूला ठेवू आणि एसटीत बसू. आपल्यातला एक जण एसटी चालवतो, तो समोरच बसलाय. माझं काही चुकलं तर तो सांगेलच. गाडी सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. उभ्या माणसाला काही होत नाही. डोळे मिटले तर गाडी चालू आहे हे आवाजावरून आणि थरथरीवरूनच कळेल. पण गाडी सुटताना आपण मागे कलंडतो आणि ब्रेक लागला की पुढे जातो. अंगाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. हा बदल ज्या दराने होतो, ते त्वरण.

आता थोडे आकडे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. स्टँडवरून निघून एवढा वेग गाठायला गाडीला २० सेकंद लागले, तर दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटर प्रति सेकंदाने वाढला. ब्रेक लावून ती ४ सेकंदांत थांबली, तर दर सेकंदाला तो अडीचने घटला. वेगातला फरक दोन्ही वेळा दहाचाच, पण तिकिटं फाडत उभ्या असलेल्या कंडक्टरला विचारा, दोन्हींत किती अंतर आहे ते! 'मीटर प्रति सेकंद वर्ग' यात सेकंद दोनदा येतो, तो याचसाठी. एक सेकंद वेगाचा आणि दुसरा तो वेग किती झपाट्याने बदलला त्याचा. 'सेकंदाचा वर्ग' ही काय भानगड आहे, हे आपल्या वर्गात कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या मते त्या धड्यातला तोच खरा प्रश्न होता.

आणि घाट? ड्रायव्हरने काटा ३० वर स्थिर ठेवून वळण घेतलं, तरी शेजारचा आपल्या अंगावर येतोच. काटा दाखवतो ती चाल. वेगाला दिशाही असते. दिशा बदलली की वेग बदलला आणि त्वरण आलं. बोलताना आपण चाल आणि वेग एकच धरतो, निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

विज्ञानाच्या सरांनी वर्गात खडू सरळ वर फेकून विचारलं होतं, "अगदी वरच्या टोकाला याचा वेग किती?" शून्य, हे सगळ्यांनी सांगितलं. "आणि त्वरण?" मागच्या बाकांवरून जोरात उत्तर आलं, "तेही शून्य!" सर म्हणाले, "मग खडू तिथेच लटकून राहायला हवा." क्षणभर सगळे छताकडे बघत राहिलो. खडू वर जाताना त्याचा वेग सेकंदाला ९.८ ने कमी होत असतो, खाली येताना तेवढ्यानेच वाढत असतो, आणि टोकाच्या त्या क्षणीही बदल थांबलेला नसतो. हवेचा अडथळा सोडला, तर संपूर्ण प्रवासात त्वरण तेच, खालच्या दिशेने. तसं नसतं तर खडू परत आलाच नसता.

ज्यांना हे तेव्हा पटलं नाही, त्यांना चांगली सोबत आहे. १६०४ सालच्या एका पत्रात खुद्द गॅलिलिओने लिहिलं होतं, की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. ते चूक होतं. वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात. उतरत्या लाकडी खाचेतून गोळा सोडायचा आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजायचा, असे त्याचे प्रयोग. सारख्या वेळांत गोळा कापतो ती अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. १६३८ च्या पुस्तकात हे सगळं आहे, आणि आपणही काही काळ त्याच चुकीत होतो, अशी कबुलीही त्याने एका पात्राच्या तोंडून दिली आहे. गॅलिलिओला इतका वेळ लागला. आपल्याला दोन तासिका आणि एक घटक चाचणी!

आता थोडं माझ्या कामाचं, नाहीतर संयोजक रागावतील. मोबाइलमध्ये त्वरण मोजणारी एक बारीकशी चिप असते. तशी वेग मोजणारी चिप नसते, कारण बंद डब्यात बसून, बाहेर न डोकावता, एकसारखा वेग ओळखताच येत नाही. एसटीत डोळे मिटलेल्या माणसासारखंच. उपग्रह दिसतोय तोवर त्याच्याकडून वेग कळतो. बोगद्यात तो दिसेनासा झाला, की नुसत्या चिपवर चालायचं तर क्षणाक्षणाच्या त्वरणाची बेरीज करून वेग काढायचा आणि वेगाची बेरीज करून अंतर. दोनदा बेरीज म्हणजे चूकही दोनदा साठत जाते. चिप फक्त ०.०१ ने चुकत असेल, तर मिनिटभराने वेगात सेकंदाला ०.६ मीटरची चूक होते आणि जागेत १८ मीटरची. दहा मिनिटांनी वेगातली चूक सेकंदाला ६ मीटर, आणि जागा चुकते १८०० मीटरने!

म्हणून तर बोगद्यातून बाहेर पडल्यावर नकाशावरचा निळा ठिपका कधी कधी टुणकन उडी मारून जागेवर येतो. एक्सप्रेसवेने आलेल्यांनी परत जाताना बघा. अर्थात, गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारच्याने.