मसुराच्या वाटीचा प्रश्न



शुक्रवारी दिवस मावळायला आला की भिसेगावात आमच्या घरी तेलाचा दिवा लागतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले शनवार तेली. आमचे पूर्वज अलिबाग-पेणकडच्या गावांतून तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोकांनी दिलेले हे नाव. १९४८ नंतर आमची बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. पण शब्बाथला वाहनात बसायचे नाही, मग कर्जतहून जाणार कसे? म्हणून तोराचा पाठ आम्ही घरीच करतो.

तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत. एकेका भागाला पराशा म्हणतात. आठवड्याला एक, कधी दोन, असे करीत वर्षात तोरा पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लहानपणी आम्ही हिब्रू शब्द पाठ केले, अर्थ मात्र कोणी विचारला नाही. नातवंडांच्या बाबतीत मी वेगळे ठरवले. भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा, जेवायचे आणि मग मी मराठीत गोष्ट सांगायची. त्यानंतर प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, सर्वांत धाकट्याने आधी. शब्बाथला लिहायचे नसते, त्यामुळे प्रश्न डोक्यातच ठेवावे लागतात आणि ते तिथे चांगले मुरतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर याकोब आणि एसाव यांचा पाठ आला. थोरला एसाव रानातून भुकेला येतो. धाकटा याकोब डाळ शिजवीत असतो. तो आधी थोरलेपणाचा हक्क मागतो, शपथ घ्यायला लावतो आणि मगच भाकरी व मसुराची डाळ पुढे करतो. पुढे आंधळ्या बापालाही तो फसवतो.

आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, भावाला भूक लागली तर आधी जेवायला द्यायचं ना? मग आपण याकोबाचे कसे?"

मी म्हणालो, "एसावाने आपखुशीने शपथ घेतली होती."

अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "भुकेल्या माणसाची कसली खुशी?"

श्रोतेहो, मी गप्प झालो. १९७८ साली माझे थोरले बंधू इस्राएलला निघाले. त्यांना पैशांची निकड होती. अलिबागकडच्या वडिलोपार्जित वाडीतला त्यांचा हिस्सा मी पडत्या भावात घेतला. कागद पक्का होता, सही दादाचीच होती. मी स्वतःला हेच सांगत आलो होतो.

पुढच्या शुक्रवारी याकोब परमुलखात मामाकडे राबतो आणि तिथे स्वतःच फसवला जातो. नात टाळ्या वाजवून म्हणाली, "बरी खोड मोडली!" तिसऱ्या शुक्रवारी, वीस वर्षांनंतर, तो एसावाला भेटायला घाबरत निघतो. पुढे शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे अशी पाचशेंवर जनावरे भेट म्हणून पाठवतो. एसाव मात्र धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. माझ्यापाशी पुष्कळ आहे, तुझे तुला राहू दे, म्हणतो. याकोब आग्रह करतो, तेव्हा तो भेट घेतो.

नातवाने विचारले, "नको म्हणाला होता ना, मग याकोबाने आग्रह का केला?"

मी म्हणालो, "देणं होतं म्हणून." आणि मग वाडीची हकीगत मुलांना सांगितली. सांगताना जीभ जड झाली होती.

शब्बाथ उलटल्यावर दिमोनाला फोन लावला. दादा आता थकलेत. म्हणाले, "या वयात मला पैसे काय करायचे?" मी आग्रह केला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठव. वाडीतल्या आंब्याला मोहोर आला की तेही कळव."

मुलांशी धर्मग्रंथ कसा वाचावा, असे मला काही जण विचारतात. घाईने उत्तर देऊ नये, एवढे मी सांगतो. मुलांना प्रश्न विचारायला सांगितले, तर तो प्रश्न कधीतरी आपल्याच दारात येऊन उभा राहतो. तेव्हा दार लावून घेऊ नये.