बाधा नव्हे, औषध!

ओकारी थांबावी म्हणून पोराला मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि एक-दोन दिवसांत त्याची मान वाकडी झाली, डोळे वर फिरले, जबडा आवळला, की घरची माणसं देवऋषाकडे धावतात. पण ही बाधा नव्हे, औषधाचा दुष्परिणाम आहे. मेंदूतल्या डोपामिनचं काम अडतं आणि स्नायू आपोआप आखडतात. पोर मात्र शुद्धीवर असतं. औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. योग्य इंजेक्शनाने बहुधा तासाभरात आराम पडतो. मानसिक आजारावरील हॅलोपेरिडॉलनेही असे होते. पण त्या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गुरुजी, वर्गात असे घडले तर घरच्यांना आधी एवढेच विचारा: काल-परवा कोणते औषध दिले होते?